लांब हाताचा डिरेलर

६ जानेवारी

बारके,

हे पत्र तुझ्या दुकानाच्या पत्त्यावर टाकतेय. वहिनीने फोन का केला नाही, असं तुला वाटेल. तुझ्या दादाचा फोन पडताना फुटला, त्यामुळे माझा फोन दिवसभर त्यांच्या उशाशी असतो. आणि आमच्या दोन खोल्यांत कुजबुजलं तरी पलीकडे ऐकू जातं. मला जे विचारायचंय ते त्यांच्यासमोर विचारायचं नाही.

रविवारी सकाळी हे सायकलवरून पडले. गावाबाहेरच्या चढावर, शेवटच्या वळणाला. गियर बदलला आणि मागचं चाक जागच्या जागी अडकलं, एवढंच त्यांना आठवतंय. हासळीचं हाड मोडलंय. सहा आठवडे शाळा बंद, फळ्यावर खडू धरायचा नाही.

सायकल मी नाक्यावरच्या मिस्त्रीला दाखवली. तो म्हणाला, "बाई, ह्यात जुनं आणि नवं एकत्र केलंय. दिसायला सख्खे भाऊ, पण एकमेकांशी पटत नाही. आणि हा स्क्रू बघा, कोणीतरी हाताने सैल केलाय." मग माझ्याकडे असा बघायला लागला जणू मीच केला.

सामानाची पेटी सप्टेंबरात तू पाठवलीस, सही करून मी घेतली. सरळ विचारते. पेटीत सगळं नवं होतं का? दुकानात पडून राहिलेलं एखादं त्यात खपवलंस का? रागावू नकोस, पण विचारल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

तुझी वहिनी


१० जानेवारी

वहिनी, नमस्कार.

पत्र दुकानात उभ्यानेच वाचलं. दादाला जपा, कुशीवर झोपू देऊ नका.

रागावू नकोस म्हणालात, पण मी रागावले. सख्ख्या भावाच्या गाडीवर मी पडीक माल बसवीन? पेटीत हँडलवरचे दोन्ही लिव्हर, चेन, मागची अकरा चक्रं आणि डिरेलर होता. डिरेलर म्हणजे मागच्या चाकाशी लोंबणारा तो हात, जो चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर ढकलतो. सगळं एकाच पिढीचं, अकरा गियरचं. पेटी बंद करण्याआधी प्रत्येकावरचा नंबर मी वहीत उतरवून घेतला. ती सवय मला एका माणसाने लावली, चांगल्या कारणाने नाही. ते जाऊ दे.

आता तुम्ही माझं एक काम करा. डिरेलरच्या मागे बारीक अक्षरं कोरलेली असतात. त्यांवर पातळ कागद धरा, वरून पेन्सिल आडवी घासा आणि जे उमटेल ते मला पाठवा. दादाला विचारू नका. तो काय सांगेल ते मला नकोय, लोखंड काय सांगतं ते हवंय.

बारकी


१५ जानेवारी

बारके,

काल हे खांदा दाखवायला गेले तेवढ्यात जमवलं. माझ्या शिवणातला, माप आखून कापायचा कागद वापरला, तो पातळ असतो. पहिल्यांदा ग्रीसच उमटलं. मग रॉकेलच्या बोळ्याने पुसून पुन्हा घासलं. सोबत तीन कागद आहेत, एक डिरेलरचा, दोन लिव्हरचे.

आणखी एक सांगते. ह्यांना मी साधं विचारलं, "बारकीने पाठवलेलं सगळं बसवलंत ना?" तर म्हणाले, "हो, सगळं." म्हणताना डोळे खिडकीकडे. सात वर्षांचा संसार आहे माझा. ह्या माणसाचं बाही-गळ्याचं माप मी न मोजता सांगते. ते खोटं बोलले.

पहिल्या पत्रातलं मनावर घेऊ नकोस असं मी अजून म्हणणार नाही. कागद बघून तू काय सांगतेस त्यावर ठरवीन.

तुझी वहिनी


१९ जानेवारी

वहिनी,

कागद वहीशी ताडून बघितले. लिव्हर माझे आहेत. डिरेलर माझा नाही. तो दादाच्या गाडीवर पूर्वीपासून होता तोच, दहा गियरवाला. नवा काढून कोणीतरी जुना परत चढवला.

ह्यात वाईट काय ते सांगते. लिव्हरला एक टिचकी दिली की तो ठरावीक केबल ओढतो आणि डिरेलर ठरावीक सरकतो. पण ह्या जुन्या पिढीत आणि नव्या पिढीत ते गणितच बदललंय. तुमच्या जुन्या शिलाई मशीनची बॉबिन नव्यात बसते, पण दोरा कसा गुंततो, तसंच. नवा लिव्हर जुन्या डिरेलरला प्रत्येक टिचकीला गरजेपेक्षा जास्त ढकलतो. शेवटच्या चक्राशी त्याला थोपवायला एक स्क्रू असतो. तो स्क्रू सैल असला की डिरेलर सरळ स्पोकमध्ये. दादाचं हेच झालं.

आता खरी काळजी ऐका. माझा डिरेलर गेला कुठे? तो कोणी शोभेला ठेवत नाही. तो दुसऱ्या कुठल्यातरी गाडीवर आहे, आणि त्या गाडीला जुने लिव्हर असणार. तिथे उलटं होतं, डिरेलर कमी सरकतो. चेन दोन चक्रांच्या मध्ये तरंगत राहते. उभं राहून जोर दिला की सटकते आणि माणूस हँडलवरून पुढे पडतो.

मी लांब हाताचा पाठवला होता, कारण चढावर दादाला धाप लागते. लांब हात कोणाला लागतो? ज्याला मागे खूप मोठं चक्र हवं त्याला. म्हणजे दुखऱ्या गुडघ्यांचा म्हातारा, नाहीतर नवशिकं माणूस. असं कोणी दादाच्या ओळखीत आहे का? लवकर कळवा. त्याच्या मागच्या बाजूच्या नंबराचे शेवटचे आकडे चार, शून्य, सात.

बारकी


२३ जानेवारी

बारके,

नवशिकं माणूस. म्हणजे बाई, असं सरळ लिहायला तुला संकोच वाटला असेल.

माझ्या डोक्यात हे आधीपासून होतं, फक्त त्याला बसायला जागा मिळत नव्हती. ऐक. दोन वर्षं झाली, दर रविवारी हे "लांब फेरी" म्हणून सहाला निघतात आणि दुपारी दोनला येतात. आल्यावर भूक नसते. एकदा मोज्याला रफू होतं. मी केलेलं नव्हतं! माझा टाका मी ओळखते. हे रफू जाड दोऱ्याचं होतं, पण चिकाटीने केलेलं. तेव्हा मी हसून सोडून दिलं. आता तो मोजा पिशवीत घालून ठेवलाय.

काल पुन्हा विचारलं, "तो नवा डिरेलर कुठेय?" म्हणाले, "रस्त्यात कुठेतरी पडला असेल." मी म्हटलं, "आणि जुना आपोआप जाऊन बसला?" त्यावर वळून झोपले, ज्या कुशीवर झोपायचं नाही त्याच.

तो चार शून्य सात मला पाठ झालाय. गल्लीत कोणाचीही सायकल दिसली की वाकून बघते. परवा दूधवाल्याची बघत होते, तो घाबरला. पण ती कोण आहे हे कळेपर्यंत मी गप्प बसणार आहे. तू पण गप्प राहा. तुम्ही भावंडं आतून एक असाल तर तेही सांगून टाक.

वहिनी


२७ जानेवारी

वहिनी,

आम्ही भावंडं आतून एक नाही. संशय मलाही येतोय, आणि दादाच्या बाजूने बोलायला माझ्याकडे एक शब्द नाही. पण ती कोणीही असो, आधी तिला गाडीवरून खाली उतरवा. भांडण नंतर करा. एखादी बाई रस्त्यात तोंडावर पडली तर तुमचा राग तिथेच संपेल आणि उरेल ते आयुष्यभर पुरेल. मी हे पुस्तकातून सांगत नाही.

तुमच्या पहिल्या पत्रावर मी एवढी का भडकले ते लिहून टाकते. बाबांशी आमचे संबंध नाहीत एवढंच तुम्हाला लग्नात सांगितलं होतं. कारण दादाने सांगितलं नसणार. आमचं सायकलचं दुकान होतं. मी बाबांच्या हाताखाली शिकले. नऊ वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाचं पुढचं चाक उतारावर निखळलं. त्या माणसाची दोन बोटं गेली. तो दहा जणांना घेऊन दुकानात आला आणि विचारलं, "चाक कोणी लावलं?" बाबा म्हणाले, "पोरीने." मी त्या गाडीला हातही लावला नव्हता. बाबांना ते माहीत होतं. दादा काउंटरपाशी उभा होता, तोही गप्प.

मी त्याच आठवड्यात घर सोडलं. दादाला एकच सांगितलं, त्यांच्याशी संबंध ठेवलास तर माझ्याशी ठेवायचा नाही. त्याने माझी बाजू घेतली असं मी समजत होते. तेव्हापासून माझ्या दुकानातून नंबर न उतरवता एक नटही बाहेर जात नाही.

तिचा पत्ता लागला की कळवा. मी स्वतः तिला दोन ओळी लिहीन. मिस्त्रीचं पत्र म्हणून तरी ती वाचेल.

बारकी


१ फेब्रुवारी

बारके,

हे पत्र फाडू नकोस. काल तुला तीनदा फोन केला. पहिल्या वेळी एक शब्द ऐकून तू ठेवून दिलास, नंतर उचललाच नाहीस. म्हणून लिहितेय. बसून वाच.

काल रविवार. सकाळी साडेनऊला दार वाजलं. हे आत झोपले होते. दार उघडलं तर समोर एक म्हातारा, घामाने निथळलेला, एका हाताने सायकल धरलेली. म्हणाला, "मास्तर आहेत का घरात? चार रविवार झाले, आले नाहीत."

मी त्याच्या तोंडाकडे बघायच्या आधी मागच्या चाकाकडे बघितलं. सवयच लागलीय ना. लांब हात. उंबऱ्यातच बसले, पदराने धूळ पुसली. चार, शून्य, सात.

मी विचारलं, "हे तुम्हाला कोणी दिलं?"

म्हाताऱ्याने बाहीने घाम पुसला. मग म्हणाला, "मुलाने."

तेव्हा मी वर बघितलं. बारके, तुझं नाक आहे ते. ज्या बाईला मी पंधरा दिवस मनातल्या मनात शिव्या घालत होते, तिला पांढऱ्या मिशा आहेत आणि वय सदुसष्ट.

आवाज ऐकून हे बाहेर आले. गळ्यात हात अडकवलेला. मी म्हटलं, "आता खिडकीकडे बघायचं नाही, माझ्याकडे बघून बोलायचं." मग सगळं निघालं. दुकान कधीच बंद झालंय. म्हातारा इथून चाळीस किलोमीटरवर एका खोलीत एकटा राहतो. दोन वर्षांपूर्वी आजारी असल्याचं कळलं, तेव्हापासून हे जातात. तिथेच जेवतात. मोज्याचं रफूसुद्धा मामंजींचंच. मी म्हटलं, "मला का नाही सांगितलंत?" तर म्हणाले, "तुला सांगितलं असतं तर तुला बारकीशी खोटं बोलावं लागलं असतं. एकाने बोलणं पुरे होतं."

ऑक्टोबरात मामंजींचा डिरेलर मोडला. गुडघ्यांमुळे त्यांना मागे मोठं चक्र लागतं. ह्यांच्या जुन्याचा हात आखूड, तो पोचेना. तुझ्याकडे दुसरा लांब हाताचा मागता आला असता. पण तू विचारलं असतंस, कोणासाठी. म्हणून ह्यांनी आपल्या गाडीचा उतरवून दिला. अदलाबदल मामंजींनीच केली, त्यांच्या अंगणात.

त्यांना अजून काही माहीत नव्हतं. हे पडले, एवढंच ह्यांनी सांगितलं. पण भिंतीला टेकवलेली गाडी त्यांनी बघितली. चष्मा लावून, गुडघे धरत खाली बसले. मोडका डिरेलर हातात घेऊन म्हणाले, "सात, आठ, नऊ, दहा, सगळं एकमेकांत चालायचं. आयुष्यभर चालवलं. अकरावा वेगळा निघेल असं मनातसुद्धा आलं नाही." मग ह्यांच्याकडे वळून म्हणाले, "लिव्हर शेवटी अडत होता म्हणून स्क्रूही मीच सैल केला. तुला मी पाडलं."

हे म्हणाले, "नाही हो बाबा, माझंच लक्ष नव्हतं."

"मी पाडलं," ते पुन्हा म्हणाले. ह्या वेळी मोठ्याने. समोरच्या घरातली माणसं बाहेर येऊन बघायला लागली तरी म्हणाले.

मी त्यांना विचारलं, तुमची गाडी कशी चालते? "कुरकुरते थोडी. चढावर दोनदा पाय सटकला. रुळेल," म्हणाले आणि लगेच परत निघाले, त्याच गाडीवरून! थांबा म्हटलं तरी ऐकेनात. शेवटी ते पाणी प्यायला आत गेले तेवढ्यात मी दोन्ही चाकांची हवा सोडली आणि पंप कापडाच्या कपाटात कुलूप लावून ठेवला. आता कोचावर बसून आहेत आणि माझ्याकडे संशयाने बघतायत. बघू देत.

ये असं मी म्हणत नाही. ते तू ठरव. पण नाक्यावरच्या मिस्त्रीला काय सांगू, ते तरी लिही. आणि पहिल्या पत्रात तुला जे बोलले ते मागे घेते.

तुझी वहिनी


३ फेब्रुवारी

वहिनी,

मिस्त्रीला हात लावू देऊ नका. त्यांनाही लावू देऊ नका. पंप कुलपातच राहू दे.

दहा गियरला चालणारा लांब हाताचा डिरेलर आता नवा निघत नाही. तीन दुकानं पालथी घातली तेव्हा एक मिळाला. तो त्यांच्या गाडीला बसेल आणि माझा चार शून्य सात दादाच्या गाडीवर परत जाईल.

शनिवारी सकाळच्या बसने येते. घरात येईन की दारातच काम करून निघेन, हे आत्ता सांगता येत नाही. गल्लीत एक सतरंजी टाकून ठेवा. दादाला सांगा, त्याच्याशी मला खूप बोलायचंय आणि त्यातलं काही चांगलं नाही.

बारकी


९ फेब्रुवारी

वहिनी,

पोचले. तुम्ही दार लोटून घेतलंत आणि दादालाही आत धरून ठेवलंत, म्हणून बाहेर काय झालं ते तुम्हाला माहीत नाही. सांगते.

मी सतरंजीवर हत्यारं मांडली. ते पायरीवर बसले. मी त्यांच्याकडे बघितलं नाही, गाडीकडेच बघितलं. हात पुढे केला की त्यात नेमका हवा तो पाना यायचा, न मागता. पहिल्यांदा मला रागच आला. मग तसंच काम चालू राहिलं. मी जुनी केबल उपसली, नवी ओवली. त्यांचे हात थरथरतात, हे तुम्ही लिहिलं नव्हतंत. केबलचं टोक धरायला गेले तर दोनदा सुटलं. तिसऱ्यांदा मी धरून दिलं.

स्क्रू लावायची वेळ आली तेव्हा म्हणाले, "तू लाव. माझ्या हाताचा भरवसा नाही." आणि पुढे, "तेव्हाही नव्हता. त्या माणसाचं चाक मी लावलं होतं. नट आवळला की नाही, ते मला त्याच दिवशी आठवत नव्हतं."

मी म्हटलं, "मला माहीत होतं."

"माहीत होतं, म्हणूनच तू माझ्याकडे बघत होतीस. तुझ्या त्या बघण्याची भीती वाटली, आणि तोंडातून तुझंच नाव गेलं."

वहिनी, नऊ वर्षं मी ह्यावर काय काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं. त्यातलं एकही वाक्य आलं नाही. मी म्हटलं, "चालवून दाखवा. गल्लीच्या टोकापर्यंत, चढावर, उभं राहून."

ते निघाले. मी खाली उभी राहून टिचक्या ऐकत होते. एक, दोन, तीन, सगळ्या स्वच्छ. मोठ्या चक्रावर चेन चढली तेव्हा ते उभे राहिले आणि जोर दिला. मला नंतर कळलं की माझे दोन्ही हात पुढे आले होते. ते पन्नास पावलं लांब होते, मी कोणाला धरणार होते कोण जाणे.

उतरून आल्यावर ते म्हणाले, "कधी तुझं दुकान बघायला येऊ का?"

मी त्यांना क्षमा केली असं लिहिलं तर ते खोटं होईल. त्यांच्या शब्दावर अजून माझा विश्वास बसत नाही. मी म्हटलं, "गाडी बिघडली तर या." त्यांनी मान हलवली, हवा एकदा दाबून बघितली आणि गेले. मग मी आत आले आणि दादाशी भांडले, ते तुम्ही ऐकलंतच. तो म्हणाला, "तू अट घातलीस, मी पाळली नाही, पण मोडलीय असं सांगायची हिंमतही झाली नाही." अट माझीच होती.

बसमध्ये खिडकीशी बसले आणि सारखं एकच मनात येत राहिलं. नवा डिरेलर, नवी केबल, नवी चेन, सगळं एकाच पिढीचं. मी ती गाडी इतकी नीट लावलीय की वर्षभर काही बिघडायची नाही.

म्हणून आज दुकान उघडल्यावर आधी त्यांना एक कार्ड टाकलं. पत्ता दादाने दिला. लिहिलंय की नवी केबल पहिल्या काही दिवसांत थोडी सैल पडते, तेव्हा पंधरा दिवसांनी गाडी दुकानात दाखवायला आणा. हे खरं आहे, वहिनी. कोणाही मिस्त्रीला विचारा.

बारकी